खोक्यातला कॅमेरा जाळ्यावर येईपर्यंत

हिकव्हिजन आणि दाहुआ या सुरक्षा-कॅमेऱ्यांच्या व्यवसायातल्या जगातल्या बड्या कंपन्या. दोघींची स्थापना २००१ सालची आणि दोघींचं मुख्यालय चीनमधल्या हांगझोउ शहरात. कारखान्यातून निघणाऱ्या कॅमेऱ्यात बऱ्याच गोष्टी आधीच ठरवून ठेवलेल्या असतात: जाळ्यावरचा (नेटवर्कवरचा) त्याचा पत्ता, त्याचं घड्याळ, त्याला ऐकू येणारे वाय-फायचे चॅनेल, तो कोणत्या सर्व्हरकडे जाणार, आणि कधी कधी तो कोणत्या देशात चालणार हेसुद्धा. मग तो कॅमेरा दुबईहून आलेल्या मेव्हण्याने आणलेला असो, अमेरिकेतल्या मुलीने पाठवलेला असो किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळालेला असो, या सगळ्या ठरावांसकट तो आपल्या घरात शिरतो. ते ठरवताना आपलं घर कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

पहिल्या दिवशी अ‍ॅपमध्ये ‘डिव्हाइस ऑफलाइन’ दिसलं की घरात लगेच निकाल लागतो: कॅमेरा खराब निघाला. नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी अशा कॅमेऱ्यांशी बरीच झटापट केल्यावर माझं ठाम मत झालं आहे की हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. कॅमेरा धडधाकट असतो. त्याच्यात ठरवून ठेवलेली एखादी गोष्ट आपल्या घराशी जुळत नसते. ती कोणती, हे शोधायला क्रम लागतो. आधी वीज, मग केबल किंवा वाय-फाय, मग पत्ता, मग पासवर्ड, मग कंपनीचा सर्व्हर आणि त्याच्या जोडीने घड्याळ. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची तपासण्यात अर्थ नसतो. अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं हा सगळ्यांचा आवडता पहिला उपाय या क्रमात फार उशिरा येतो.

जुन्या कॅमेऱ्यांना हा त्रास नव्हता. अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याची कोअ‍ॅक्सियल वायर डीव्हीआर या रेकॉर्डरला जोडली की टीव्हीवर चित्र यायचं. कॅमेऱ्याला स्वतःचा पत्ता नव्हता आणि पासवर्डही नव्हता. स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने १९९६ साली ‘नेटआय २००’ हा जाळ्यावर चालणारा पहिला कॅमेरा बाजारात आणला आणि तिथून पुढे कॅमेरा हा छोटा संगणकच झाला. आपल्याकडे सीसीटीव्ही बसवणाऱ्या अनेक कारागिरांचा हात अ‍ॅनालॉगच्या काळात बसला. वायर ओढणं, भिंतीत भोक पाडणं, क्रिम्पिंग करणं यात ते वाकबगार असतात; सबनेट म्हणजे काय, हे मात्र त्यांना कुणी बसून शिकवलेलं नसतं. म्हणून नव्या कॅमेऱ्याचं काम अडतं ते बहुधा वायर जोडून झाल्यानंतर, आणि तेव्हा कारागीर पुढच्या कामाला निघून गेलेला असतो.

विजेपासून सुरुवात करू. परदेशातून आलेल्या अडॅप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर फक्त पिनांचा प्रश्न उरतो. नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायचा नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट डीसी लागते. अडॅप्टर घरात आणि कॅमेरा फाटकावर असेल तर मधली बारीक वायर व्होल्ट खाते. हिशोब सोपा आहे: ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी वायर ३० मीटर ओढली तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं होतं आणि त्याचा रोध सुमारे २ ओहम भरतो. कॅमेरा अर्धा अँपिअर घेत असेल तर १ व्होल्ट वाटेतच जातो, १ अँपिअर घेत असेल तर २ व्होल्ट. दिवसा अशा वायरवर कॅमेरा चालतो. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी वाढते, व्होल्ट पडतात आणि कॅमेरा सारखा बंद-चालू होऊ लागतो. ‘रात्री नेटवर्क जातं’ अशी तक्रार आली की मी आधी वायर किती लांब आहे ते विचारतो.

एकाच केबलमधून वीज आणि डेटा नेणारी पीओई पद्धत यावरचा चांगला इलाज आहे. २००३ च्या ८०२.३एएफ मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टवर १५.४ वॅट सोडतो आणि १०० मीटर केबलच्या टोकाला कॅमेऱ्याला १२.९५ वॅट मिळतात. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये टोकाला २५.५ वॅट मिळतात. फिरणाऱ्या आणि झूम करणाऱ्या कॅमेऱ्यांना तेवढे लागू शकतात. मानक पाळणारा स्विच आधी अगदी कमी व्होल्टने पलीकडच्या उपकरणाची चौकशी करतो आणि ठरलेलं उत्तर मिळालं तरच पूर्ण वीज सोडतो. स्वस्त आयात मालात मात्र काही कॅमेरे पीओईचं नाव लावून केबलच्या दोन मोकळ्या जोड्यांतून थेट १२ किंवा २४ व्होल्ट घेणारे असतात. चांगल्या स्विचला लावले तर ते मेल्यासारखे पडून राहतात, कारण स्विचला अपेक्षित उत्तरच मिळत नाही. अशा कॅमेऱ्यासोबत आलेला छोटा इंजेक्टरच वापरावा, आणि तो इंजेक्टर चुकूनही दुसऱ्या उपकरणाला लावू नये. केबलबद्दलही एक सांगायला हवं. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात सर्रास मिळते. लांब पल्ल्यावर पीओईसाठी ती घेऊ नका. वाचलेले पैसे शिडीवर चढण्यात जातात.

आता पत्ता. सर्वांत जास्त कॅमेरे हरवतात ते इथे.

घरातला राउटर प्रत्येक मोबाइलला, लॅपटॉपला आपोआप पत्ता वाटतो. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. अ‍ॅपवर चालणारे घरगुती कॅमेरे असा पत्ता निमूटपणे घेतात. व्यावसायिक वापराचे बरेच कॅमेरे मात्र कारखान्यातून ठरलेला पत्ता घेऊन येतात. हिकव्हिजनचा १९२.१६८.१.६४, दाहुआचा १९२.१६८.१.१०८, युनिव्ह्यूचा १९२.१६८.१.१३. हिकव्हिजनचे जुने कॅमेरे १९२.०.०.६४ वर बसलेले असत. अ‍ॅक्सिसचा कॅमेरा आधी राउटरकडे पत्ता मागतो. तो मिळाला नाही तर जुने नमुने १९२.१६८.०.९० वर जाऊन बसतात. आता जिओफायबरचा राउटर बघा. त्याचं घर १९२.१६८.२९.१ आणि तो वाटतो ते सगळे पत्ते २९ च्या मालिकेतले. कॅमेरा १ च्या मालिकेत, मोबाइल २९ च्या मालिकेत. केबल नीट जोडलेली, दिवे लुकलुकतायत, तरी दोघांची भेट होत नाही, कारण दोघांच्या लेखी समोरचा या जाळ्यातला नाहीच. ज्याचा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे त्या शेजाऱ्याच्या घरी तोच कॅमेरा पहिल्या झटक्यात दिसतो, आणि मग दोष आपल्या इंटरनेटवर ढकलला जातो.

उपाय असा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो केबलने त्याच स्विचला किंवा थेट कॅमेऱ्याला जोडा. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाका. पान उघडलं की कॅमेऱ्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएचसीपी सुरू करा, किंवा आपल्या राउटरच्या मालिकेतला, पण राउटर वाटतो त्या टप्प्याबाहेरचा, एखादा पत्ता कायमचा देऊन टाका. कायमचा पत्ता मला जास्त पसंत आहे. रेकॉर्डर लावायचा असेल तर कॅमेऱ्याने रोज घर बदलणं परवडत नाही. शेवटी लॅपटॉपची सेटिंग पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी लॅपटॉपवर इंटरनेट का येत नाही याचा शोध सुरू होतो.

पत्ता ठाऊकच नसेल तर कंपनीचं शोधण्याचं साधन वापरावं: हिकव्हिजनचं एसएडीपी, दाहुआचं कॉन्फिगटूल. मालिका वेगळी असली तरी ती कॅमेरा शोधून काढतात, कारण ती एका पत्त्याला विचारत नाहीत. जाळ्यावरच्या सगळ्यांना एकदम साद घालतात. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ऑनव्हिफ या सामाईक मानकातही असाच शोध आहे. तो २३९.२५५.२५५.२५० या गटाच्या पत्त्यावर ३७०२ पोर्टने होतो. म्हणून हे साधन चालवताना लॅपटॉप गेस्ट वाय-फायवर असू नये आणि विंडोजच्या फायरवॉलने त्याला अडवलेलं नसावं. ‘सॉफ्टवेअरलाही कॅमेरा सापडला नाही’ म्हणून परत पाठवलेल्या कॅमेऱ्यांपैकी कितीतरी या एका कारणाने परत जात असावेत असं मला वाटतं.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर ती फार उपयोगाची खूण आहे. कॅमेरा जिवंत आहे, त्याने राउटरकडे पत्ता मागितला, आणि उत्तर न आल्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असा तिचा अर्थ. म्हणजे दोष कॅमेरा आणि राउटर यांच्या मधल्या वाटेत आहे: केबल, स्विच, किंवा वाटायचे पत्ते संपलेला राउटर.

सोसायटीच्या कामात आणखी एक घोटाळा नेहमी होतो. चार नवे कॅमेरे एकदम स्विचला लावले जातात. चौघांचाही पत्ता एकच. मग कधी एक दिसतो, कधी दुसरा, आणि सेटिंग एकाची बदलायला जावं तर बदलते भलत्याचीच. एकेक कॅमेरा लावायचा, त्याचा पत्ता बदलायचा, त्यावर चिकटपट्टीने तो लिहायचा आणि मगच पुढचा घ्यायचा. तसंच, मागे पीओई पोर्ट असलेल्या एनव्हीआरमध्ये (जाळ्यावरच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमध्ये) कॅमेरा थेट लावला तर तो घरच्या जाळ्यावर दिसत नाही. एनव्हीआर त्या पोर्टांवर स्वतःचं वेगळं जाळं चालवतो. हिकव्हिजनमध्ये ते १९२.१६८.२५४ च्या मालिकेचं असतं, दाहुआत १०.१.१ च्या. हा दोष नाही. तिथला कॅमेरा एनव्हीआरमधूनच बघायचा असतो.

पत्ता सापडला, पान उघडलं, पण चित्राच्या जागी काळा चौकोन. जुन्या कॅमेऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. त्यांचं पान इंटरनेट एक्सप्लोररच्या प्लगइनवर बेतलेलं होतं. क्रोमने तसली जुनी प्लगइन २०१५ मध्येच बंद केली आणि मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त केला. एजमधल्या आयई मोडमध्ये अशी पानं अजून उघडतात. त्याहून खात्रीची चाचणी म्हणजे व्हीएलसी प्लेअरमध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता, बहुधा ५५४ पोर्टचा, टाकून पाहणं. तिथे चित्र आलं तर कॅमेरा आणि जाळं दोन्ही ठीक आहेत.

वाय-फायवरच्या कॅमेऱ्यात पहिली जोडणीच जीव काढते. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ऐकतात. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर काही अ‍ॅप्स गोंधळतात. जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवला की काम होतं. दुसरी अडचण अमेरिकेतून आलेल्या कॅमेऱ्यांची. भारतात २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ हे चॅनेल वापरता येतात. अमेरिकेसाठी घडवलेली उपकरणं साधारणपणे ११ पर्यंतच ऐकतात. आपल्या राउटरने स्वतःहून १२ किंवा १३ निवडला की त्या कॅमेऱ्यापुरतं आपलं वाय-फाय अस्तित्वातच नसतं. शेजारी ठेवलेल्या मोबाइलवर पूर्ण रेंज दिसत असते, म्हणून हे कारण कुणाच्या मनात येत नाही. राउटरला १, ६ किंवा ११ वर पक्कं करा. तिसरी अडचण सुरक्षेच्या प्रकाराची: राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुनी चिप आत येऊ शकत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय निवडावा. पासवर्डच काढून टाकणं हा उपाय नव्हे, तसा सल्ला कुणीही देवो.

मोबाइलही आडवा येतो. जोडणीच्या वेळी अनेक कॅमेरे स्वतःचं तात्पुरतं वाय-फाय सुरू करतात. त्यावर इंटरनेट नसतं, म्हणून मोबाइल ‘उपकार’ म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर परततो आणि अ‍ॅपला कॅमेरा दिसेनासा होतो. त्या दहा मिनिटांसाठी मोबाइल डेटा आणि व्हीपीएन दोन्ही बंद ठेवावेत. आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला स्थानिक नेटवर्कची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा आलेल्या त्या खिडकीत ‘नको’ दाबलं गेलं असेल तर अ‍ॅप कायम आंधळं राहतं. अँड्रॉइडमध्ये आजूबाजूची वाय-फाय शोधायला लोकेशनची परवानगी लागते. ती मागितली की लोक घाबरतात. त्यांचं घाबरणं योग्यच आहे, पण जोडणीपुरती ती द्यावी आणि नंतर काढून घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावरचा क्यूआर कोड कॅमेऱ्याला दाखवायचा असेल तर पडदा पूर्ण उजळवून, चकाकी टाळून, वीतभर अंतरावर धरावा.

पासवर्डच्या बाबतीत जुन्या माहितीवर विसंबू नये. एके काळी हिकव्हिजनचा पासवर्ड १२३४५ आणि दाहुआचा ‘अ‍ॅडमिन’ हे साऱ्या जगाला पाठ होते. हिकव्हिजनने २०१५ पासून नव्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ प्रोग्राममध्ये, ठरलेला पासवर्डच काढून टाकला; मालकाने स्वतःचा पासवर्ड देऊन कॅमेरा ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करेपर्यंत तो काहीच दाखवत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना सारखा ठरलेला पासवर्ड देण्याला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे खोक्यातल्या जुन्या पुस्तिकेतला पासवर्ड चालला नाही तर तो चांगल्या बदलाचा परिणाम आहे. कॅमेरा आधीच अ‍ॅक्टिव्हेट झालेला निघाला तर मात्र सावध व्हा. तो कुणीतरी वापरलेला किंवा उघडलेला आहे.

पासवर्ड बरोबर असूनही दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणतो, तेव्हा दोन ठिकाणी पाहावं. नव्या हिकव्हिजन कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ सुरुवातीला बंद असतं आणि त्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा लागतो. दुसरं कारण घड्याळाचं. ऑनव्हिफच्या ओळखपरीक्षेत पासवर्डसोबत वेळेचा शिक्का जातो. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांत मोठा फरक असेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

घड्याळाचं दुखणं इथे संपत नाही. चीनच्या वेळेवर आलेला कॅमेरा आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतो. रात्री दोनला झालेली चोरी चित्रणात साडेचारला दिसते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेवरचा कॅमेरा हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतो, आणि तिथला उन्हाळी वेळेचा पर्याय चालू राहिला तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये स्वतःहून तासभर सरकतो. घड्याळ १९७० किंवा २००० सालात अडकलं असेल तर कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरशीही जोडला जाऊ शकत नाही, कारण त्याच्या लेखी सर्व्हरचं सुरक्षा-प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. वेळक्षेत्र अधिक साडेपाच, उन्हाळी वेळ बंद, एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) चालू. ही तीन कामं पहिल्याच दिवशी करायची. त्याच पानावर विजेची वारंवारता ६० ऐवजी ५० हर्ट्झ केली की ट्यूबलाइटखालचं थरथरणारं चित्रही थांबतं.

वेळेवर मी इतका अडून बसतो, त्याला कारण आहे. चित्रणातल्या वेळेवर निकाल फिरू शकतो हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातलं नामनिर्देशनपत्र दुपारी तीनच्या आत दाखल झालं की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणापर्यंत पोचला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचा नियम सविस्तर मांडला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तोच विषय कलम ६३ मध्ये आहे. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण कधीतरी पोलीस ठाण्यात द्यावं लागेल, तेव्हा अडीच तासांचा फरक समजावत बसण्याची वेळ कुणावर येऊ नये.

प्रदेशाचं कुलूप हा आयात मालाचा खास रोग, आणि हा एकच असा की ज्यावर घरी इलाज नाही. हिकव्हिजनच्या अनुक्रमांकात चीनच्या बाजारासाठीच्या मालावर ‘सीएच’ आणि जगभरच्या मालावर ‘डब्ल्यूआर’ ही अक्षरं येत असत. चिनी बाजाराचा कॅमेरा स्वस्त पडतो, म्हणून काही विक्रेते त्यात खटपट करून इंग्रजी मेनू बसवतात आणि विकतात. तो चालतो, अगदी छान चालतो. मालकाने कंपनीच्या साइटवरून नवं फर्मवेअर चढवलं की भाषा जुळत नसल्याची तक्रार करून कॅमेरा चिनीत जातो किंवा कायमचा गप्प होतो. यी कंपनीचे चीनसाठीचे घरगुती कॅमेरे परदेशात नेल्यावर, हा कॅमेरा फक्त चीनमध्ये वापरता येईल, असं चिनी भाषेत बोलून थांबत. अ‍ॅपमध्ये खातं उघडताना निवडलेला देशही महत्त्वाचा असतो. मुलीने अमेरिकेत स्वतःच्या खात्यावर कॅमेरा जोडून पाहिला आणि मग पाठवला, तर तो पुष्कळदा तिच्याच खात्याला बांधलेला राहतो. मागचं रिसेट बटण दाबून ती गाठ सुटत नाही. तिने तिच्या अ‍ॅपमधून कॅमेरा काढून टाकावा लागतो. एका फोनवर सुटणारा हा प्रश्न लोक आठवडाभर राउटरमध्ये शोधतात.

अद्ययावत करता न येणारा कॅमेरा किती धोक्याचा, हे २०२१ साली दिसलं. त्या सप्टेंबरमध्ये हिकव्हिजनच्या अनेक नमुन्यांत असा दोष उघड झाला की पासवर्डशिवाय कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा घेता येत होता. कंपनीने दुरुस्तीचं फर्मवेअर दिलं. खटपट केलेल्या चिनी मालाच्या मालकांना ते चढवण्याची सोय नव्हती. बाराशे रुपये वाचवून घेतलेला कॅमेरा मग घरातलं उघडं दार ठरतो.

दार उघडं राहतं ते आणखी एका वेळी: कॅमेरा घरात दिसू लागल्यावर ‘बाहेरून दिसत नाही’ या तक्रारीत. इथे आपल्याकडे एक जुना सल्ला फिरत असतो: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड कर. भारतातल्या पुष्कळ घरगुती जोडण्यांवर तो चालतच नाही. इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आणि राउटरला १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या मालिकेतला आतला पत्ता मिळतो. राउटरच्या पानावर तसा पत्ता दिसला तर तिथे डोकं फोडून घेऊ नका, पोर्ट कितीही उघडले तरी बाहेरून कुणी आत पोचणार नाही. आणि जिथे पोचतं, तिथे काय होतं ते २०१६ ने दाखवलं. मिराई या घातक प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर साठेक नेहमीची नावं-पासवर्ड वापरून काबीज केले. सप्टेंबरमध्ये ब्रायन क्रेब्स या पत्रकाराच्या साइटवर त्यांचा सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिटचा मारा झाला, आणि २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीवरच्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अडखळल्या. हांगझोउच्याच शिओंगमाई कंपनीचे सुटे भाग त्यात मोठ्या संख्येने होते. त्यांच्या काही उपकरणांत टेलनेटचा पासवर्ड मालकाला बदलताच येत नव्हता. कंपनीने अमेरिकेतला काही माल परत मागवला.

म्हणून माझा आग्रह असा: पोर्ट उघडू नका, राउटरमधलं यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद ठेवा. बाहेरून बघायला विश्वासातल्या कंपनीची क्लाउड सेवा वापरा, किंवा जमत असेल तर घरात वायरगार्डसारखं व्हीपीएन बसवा. कॅमेऱ्यांना गेस्ट जाळ्यावर वेगळं ठेवणं चांगलंच, पण ते सगळं चालू झाल्यावर. पहिल्या जोडणीच्या वेळी मोबाइल आणि कॅमेरा एकाच जाळ्यावर लागतात. वैतागून ‘आत्ता चालू तर होऊ दे, नंतर बघू’ म्हणत उघडलेली सेटिंग नंतर कुणीही बघत नाही.

भारत सरकारने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी घातल्या आणि मुदतवाढीनंतर त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. इथे विकायच्या कॅमेऱ्याला आता या अटींवर प्रयोगशाळेची चाचणी पार करावी लागते. सामानातून आलेल्या कॅमेऱ्याची अशी चाचणी झालेली असेलच असं नाही. भेट म्हणून कॅमेरा आणणाऱ्यांना मी हेच सांगतो की त्याऐवजी इथे मिळणारा, इथे हमी असलेला नमुना घेऊन द्या. आणलाच असेल तर अनुक्रमांक, फर्मवेअर आणि खात्याचा देश आणतानाच तपासा.

इतकं करूनही कॅमेरा आला नाही, तर तो खरोखर खराब आहे का हे ठरवायच्या खुणा मोजक्या आहेत. दुसऱ्या चालू कॅमेऱ्याची वीज आणि एक मीटरची खात्रीची केबल लावूनही पोर्टचा दिवा लागत नाही. किंवा दिवा लागतो, रात्री इन्फ्रारेडही लागतात, पण लॅपटॉपला थेट जोडून आणि रिसेट करूनही शोधण्याच्या साधनात काहीच येत नाही. किंवा दर मिनिटाला कॅमेरा स्वतःहून पुन्हा सुरू होतो आणि वीज पुरेशी असल्याची मल्टिमीटरने खात्री झालेली आहे. यातलं एक जरी दिसलं तरी अ‍ॅपचे फोटो काढत बसू नका. दिव्याचा आणि मल्टिमीटरचा व्हिडिओ काढा, अनुक्रमांकासह विक्रेत्याला पाठवा आणि परताव्याची मुदत संपायच्या आत कॅमेरा परत करा.